आईच्या बराकीतून बाहेर पडणारं सहा वर्षांचं मूल

मीनल_बालवाडी

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहितेच.

गेली चार वर्षं आठवड्यातून दोन सकाळी मी एका कारागृहाच्या महिला विभागात बालवाडी घेते. कारागृह कोणतं ते लिहीत नाही, मुलं ओळखू येतील. पहिल्याच दिवशीची गोष्ट. मी दारात उभी राहून मुलांना आत घेत होते. साडेतीन वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर येऊन थांबली आणि दोन्ही हात आडवे पसरून उभी राहिली. मला वाटलं, उचलून घे म्हणतेय. मी उचललं तर ती बावरली. मागून तिची आई म्हणाली, "बाई, झडती देतीय ती."

ही मुलं घर-घर खेळतात तेव्हा एक जण आई होते, एक वॉर्डर होते, बाकीची ओळीत बसतात आणि त्यांची गिनती होते. "तारीख" या शब्दाचा त्यांचा अर्थ असा, की त्या दिवशी आई सकाळी लवकर केस विंचरून गाडीतून जाते आणि संध्याकाळी गप्प होऊन परत येते.

पण मला लिहायचंय ते सहाव्या वाढदिवसाबद्दल. आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी निकाल दिला. त्यात ठरलं की मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. त्याला कैदी समजायचं नाही. त्याला वेगळा आहार, पाळणाघर, बालवाडी मिळायला हवी. जन्मदाखल्यावर जन्मस्थळ म्हणून कारागृहाचं नाव येता कामा नये. सहा वर्षांनंतर ते नातेवाइकांकडे किंवा संस्थेत जावं आणि आठवड्यातून निदान एकदा त्याची आईशी भेट व्हावी. निकाल चांगला आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या एका दिवसाबद्दल.

बाळू (नाव बदललंय) सहा वर्षांचा झाला. त्याच्या आईला जायचं कधी ते आदल्या संध्याकाळी कळलं. सकाळी तिने त्याला आंघोळ घातली, डोक्याला तेल चोपडलं, एका पिशवीत दोन शर्ट आणि माझ्याकडची खडूची पेटी भरली. गाडी आली. त्याला वाटलं आईची तारीख आहे आणि या वेळी आपल्यालाही नेताहेत, म्हणून तो उड्या मारत निघाला. मोठ्या दाराशी आई थांबली आणि तो पुढे गेला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. पुढचं लिहीत नाही.

त्यानंतर चार दिवस ती जेवली नाही. पाचव्या दिवशी गिनतीला उभी राहिली नाही, शिपाईबाईंनी हाताला धरून उठवलं तेव्हा किंचाळली. तिच्या नावापुढे "बेशिस्त वर्तन" लागलं आणि दोन आठवडे तिची बराक बदलली. ही बाई लग्नानंतर नऊ वर्षं नवऱ्याचा मार खात होती. अंगावर मागून हात पडला की ती किंचाळते, हे तिच्या बराकीतल्या सगळ्यांना माहीत होतं. फक्त कागदावर कुठेच नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. मूल सहा वर्षांचं कधी होणार ही तारीख त्याच्या जन्मापासून ठाऊक असते. मग सहा महिने आधीपासून तयारी का होत नाही? मुलाने आधी त्या संस्थेत दोन तास जाऊन यावं, मग एक दिवस, मग एक रात्र. तिथल्या ताईंनी आत येऊन आईला भेटावं. याला कायदा बदलावा लागत नाही, इमारतही लागत नाही.

इथे वकील आहेत, समुपदेशक आहेत, हे मला माहीत आहे. तुमच्या जिल्ह्यात कसं चालतं? काय करता येईल?

वकील_सोलापूर

मीनलताई, तुमचा धागा दोनदा वाचला. जे विचारलंत त्याच्या आधीचा प्रश्न मला मांडावासा वाटतो. बाळूची आई कच्ची की पक्की? म्हणजे शिक्षा झालेली की खटला चालू असलेली?

विचारायचं कारण असं, की विधी सेवेच्या (सरकारी मोफत कायदेशीर मदतीच्या) पॅनेलवर मी जी कामं करतो त्यात बहुतेक बाया कच्च्या कैदेतल्या असतात. त्यातल्या कित्येकींना जामीन मंजूर झालेला असतो! एका बाईला पंधरा हजारांचा जामीन मिळाला होता. पाच महिने ती आत होती, सोबत दोन वर्षांची मुलगी. का? ऐपतदार जामीनदार मिळेना. सातबारा किंवा पगारपत्रक घेऊन कोर्टात उभं राहणारं माणूस हवं. नवरा फिर्यादीच्या बाजूला, माहेरचे म्हणतात तोंड दाखवू नको. कोण येणार?

१९७८ साली मोतीराम खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी हेच लिहून ठेवलंय. एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता, तोही त्याच जिल्ह्यातल्या माणसाचा. गरिबाला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडता येतं हे तेव्हाच सांगून झालं आहे.

आता कामाचं सांगतो. जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजनाही आहे, त्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशांची मदत मिळते. मात्र अमली पदार्थांच्या खटल्यांना ती लागू नाही, आणि माझ्याकडच्या बऱ्याच बाया नेमक्या त्याच कलमात अडकलेल्या असतात. दुसऱ्याची पिशवी पोचवायला निघालेल्या. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम ४७९ आहे. पहिलाच गुन्हा असेल, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटकेचा हक्क येतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळलेत. आणि बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. विधी सेवा कायदा १९८७, कलम १२. हे आतल्या बायांना कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

ताई, तुमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या आईची जामिनाची स्थिती एका वहीत लिहून काढा. मुलगा सहाचा होण्याआधी आईच घरी गेली, तर बाकी प्रश्नच उरत नाही.

परखड

लेख वाचून वाईट वाटलं, खोटं बोलणार नाही. तरीही विचारतो. माझ्या मावसबहिणीच्या मुलीवर अत्याचार झाला. त्या पोरीला कोर्टात जे सोसावं लागलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तिच्यासाठी बालवाडीच्या ताई आल्या नाहीत, तयारी करून घ्यायला सहा महिने मिळाले नाहीत. ज्यांनी काही केलेलंच नाही त्या बायका-मुलांचं आधी बघायला नको का? मग आतल्यांचं बघू.

रानफूल

परखड, तुमच्या भाचीबद्दल वाचून पोटात तुटलं. मी सरकारी रुग्णालयात समुपदेशक आहे, तुम्ही सांगताय ते रोज बघते. म्हणून तुम्हाला सविस्तर उत्तर देते.

लैंगिक अत्याचार झालेल्या मुलीला घडलेलं किती वेळा सांगावं लागतं ते मी एकदा मोजलं होतं. आईला. चौकीत. मग मोठ्या पोलीस ठाण्यात. आमच्याकडे डॉक्टरांना. दंडाधिकाऱ्यांसमोर. बालकल्याण समितीसमोर. आणि हे सगळं मागे पडायला लागलं, पोरगी शाळेत जायला लागली, की कोर्टातून समन्स.

आता कायदा काय म्हणतो? पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ मधलाच आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. कोर्टात वकिलाने थेट प्रश्न विचारायचे नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारायचे. मध्ये विश्रांती द्यायची. पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही. आरोपी नजरेस पडू द्यायचा नाही. दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षात खटला पूर्ण. असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी साक्षकेंद्रं उभारा असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं आणि २०२२ मध्ये त्यावर देखरेखीसाठी न्या. गीता मित्तल यांची समिती नेमली.

आणि कोर्टाच्या व्हरांड्यात काय होतं? मी एका नऊ वर्षांच्या मुलीसोबत गेले होते. साडेदहाला बोलावलं होतं. एकच बाकडं, समोरच्या बाकड्यावर आरोपीची आई, भाऊ, काका. आम्ही पावणेतीनपर्यंत तिथेच. मुलीला लघवीला जायचं होतं, पण त्या लोकांसमोरून जावं लागेल म्हणून तिने दाबून धरलं. साक्षीच्या वेळी ती हसत होती. विचारलं की हसायची. बचावपक्षाच्या वकिलांनी त्याची नोंद घ्यायला लावली. घाबरलेलं मूल असं हसू शकतं, त्याला क्रम आठवत नाही, तारीख सांगता येत नाही पण भिंतीच्या रंगापासून सगळं सांगता येतं, हे आम्ही समुपदेशक सांगतो. ते ऐकून घेण्यासाठी खटल्यात जागा असायला हवी. आरोपीवर अन्याय करा असं मी म्हणत नाही. साक्ष नीट नोंदवली गेली तर दोन्ही बाजूंना खरं काय ते कळेल.

आता तुमच्या "आधी कोण" या प्रश्नाबद्दल. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली मारहाण सोसलेल्या बायांसाठी दिलासा केंद्र सुरू झालं, त्यातून आम्ही शिकलो की "जिन्यावरून पडले" म्हणून येणाऱ्या बाईला दार लावून, एकटीला, शांतपणे विचारायचं. माझ्याकडे एक बाई दीड वर्षात तीनदा आली. मनगट, बरगडी, कान. तिन्ही वेळा जिना. चौथ्या वेळी आली ती पोलिसांबरोबर, अटकेनंतरच्या तपासणीला. त्या रात्री तिने पाटा उचलला होता. सोबत चार वर्षांचा मुलगा, त्याने सगळं पाहिलेलं. सांगा, ही बाई तुमच्या कुठल्या रांगेत बसवायची? त्या मुलाचा जबाब घेतला गेला, आईविरुद्ध साक्षीदार म्हणून. त्याला झोप लागते का हे कुणी विचारलं नाही.

परखड

रानफूलताई, त्या बाकड्याचं वाचलं आणि आमची पोरगी समोर आली. आमच्याकडे तर पाण्याचीही सोय नव्हती. रांग लावू नये हे पटलं. पण एवढं म्हणेनच, की आतल्या बायांसाठी जे मागाल त्याच पत्रात कोर्टातल्या वेगळ्या खोलीचंही मागा. मी सही करीन.

मनोधैर्य योजनेचे (अत्याचार झालेल्यांना सरकारकडून मिळणाऱ्या मदतीचे) पैसे आम्हाला एका ताईंनी सांगितले म्हणून कळले. पोलिसांनी सांगितलं नव्हतं.

रानफूल

अगदी. मनोधैर्य २०१३ पासून आहे, आता कमाल १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते आणि अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. पैशांपेक्षाही त्यातलं समुपदेशन लवकर सुरू होणं मुलांसाठी फार मोलाचं असतं.

सुनंदा_निवृत्त

मी २९ वर्षं कारागृहात महिला शिपाई होते. आतापर्यंत नुसतं वाचत होते. "बेशिस्त वर्तन" हे शब्द मीही लिहिलेत, म्हणून आज लिहिते.

आमची बाजू सांगते, ती सबब समजू नका. रात्रपाळीला एक बाई आणि सगळी बराक. कुणी किंचाळली की पहिला विचार, बाकीच्या उठतील, गोंधळ होईल. आम्हाला शिकवलं होतं कवायत, कुलूप, रजिस्टर. मारहाण सोसलेल्या बाईला मागून हात लावू नये, हे नोकरीला लागल्यावर वीस वर्षांनी एका संस्थेच्या दोन दिवसांच्या वर्गात पहिल्यांदा ऐकलं. त्या वर्गात मला माझ्याच घरातलं काही आठवलं आणि मी बाहेर जाऊन रडले. आमच्यातही सोसलेल्या पुष्कळ आहेत. घरी मार, इथे ड्युटी.

त्यानंतर मी एकच बदल केला. झडती घेताना समोर उभं राहून आधी तोंडाने सांगायचे, "आता खांद्याला हात लावते, आता कमरेला." वेळ तेवढाच लागतो. सहा महिन्यांत माझ्या पाळीत भांडणं कमी झाली, हे मी स्वतः पाहिलं. पोरांची झडती मात्र मी बंदच केली होती, खिशात काय असणार त्यांच्या, चिंचोके.

१९८२ च्या मे महिन्यात पत्रकार शीला बारसे मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा बायांशी बोलल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मार खाल्ल्याचं सांगितलं. त्यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाचा १९८३ चा निकाल आला : बायांसाठी वेगळी कोठडी, पहाऱ्याला महिला पोलीस, चौकशी महिला पोलिसांसमोर. आम्ही भरती झालो ते या निकालानंतरच्या काळात. बाई पहाऱ्याला आली म्हणजे बाई सुरक्षित झाली, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. मग जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या कारागृहात मंजुळा शेट्ये ही कैदी मारहाणीनंतर गेली. गुन्हा दाखल झाला तो महिला कर्मचाऱ्यांवर. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप नव्हती. पहाऱ्याला बाई नेमणं पुरत नाही, तिला शिकवावं लागतं आणि तिची झोपही व्हावी लागते.

मीनलबाई, तयारीचा दिवस आधी कळवणं अधीक्षकांच्या हातात आहे. सांगणारं माणूस लागतं. मी येते तुमच्याबरोबर.

नीरजा_साउदॅम्प्टन

थोडंच लिहिते. मी इथे आरोग्यसेवेत आहे. इंग्लंडमध्ये कैदेतल्या आईजवळ बाळ साधारण दीड वर्षापर्यंतच ठेवतात, त्या मानाने आपली सहा वर्षं पुष्कळ. मार्च २००७ मध्ये बॅरोनेस जीन कॉर्स्टन यांनी ४३ शिफारशींचा अहवाल दिला. किरकोळ गुन्ह्यांतल्या बायांना मोठ्या तुरुंगात पाठवू नका, गावाजवळच्या छोट्या केंद्रांत मदत द्या, असा त्याचा रोख होता. त्यातलं बरंच अजून कागदावर आहे. पण माझ्या शहरात २०२३ मध्ये होप स्ट्रीट नावाचं निवासी केंद्र उघडलं. तिथे बाई न्यायालयाच्या देखरेखीत राहते आणि मुलं तिच्याजवळ राहू शकतात.

अजून एक. संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांत दुसराच नियम असा आहे, की बाईला आत घेण्यापूर्वी तिला मुलांची व्यवस्था लावू द्यावी, गरज पडली तर त्यासाठी कैद थोडी पुढे ढकलावी. आपल्याकडे अटकेच्या वेळी "घरी मूल आहे का, ते आत्ता कुठे आहे" हे विचारतात का?

वकील_सोलापूर

नीरजाताई, अटक झाली की नातेवाइकाला कळवायचं हे सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालापासून बंधनकारक आहे. पण मी हाताळलेल्या अटकेच्या कागदांत मुलांसाठी रकाना मला दिसलेला नाही. एका बाईला दुपारी ताब्यात घेतलं, तिची मुलगी अंगणवाडीतून घरी आली तर दाराला कुलूप. शेजारणीने रात्री जेवू घातलं म्हणून. पत्रात हा मुद्दाही घालू या.

कोकणकन्या

एक विचारायचं आहे. आमच्या वाडीत एक आजी नातवंडं सांभाळते, सून आत आहे, मुलगा वारला. आजीला कुठून काही मदत मिळेल का? ती काजूच्या बिया सोलून दोन पोरं शिकवतेय.

मीनल_बालवाडी

मिळेल! बाल संगोपन योजना. पालक कैदेत असलेल्या मुलांनाही ती लागू होते, दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. अर्ज तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, मग बालकल्याण समितीचा आदेश. मुलांचे आधार, शाळेचा दाखला आणि आई आत असल्याचं कारागृहाचं पत्र लागेल. त्या पत्रासाठी आजींना हेलपाटे नकोत, मला व्यक्तिगत निरोप पाठवा, मी विचारते कसं मिळवायचं ते.

वकीलदादा, बाळूची आई कच्चीच आहे. वही करायला घेतली. नऊ मुलांच्या सात आया, त्यातल्या सहा कच्च्या. दोघींना जामीन मंजूर झालाय आणि त्यांना स्वतःलाच ते नीट माहीत नव्हतं.

नाव_नको

मी या संकेतस्थळावर सात वर्षं आहे, दुसऱ्या नावाने. पाककृती आणि ट्रेकवर लिहितो. हे खातं आज उघडलं.

मी ते मूल आहे. पाच वर्षं दहा महिन्यांचा असताना बाहेर आलो. आईला शिक्षा झाली होती, पुढे अपिलात सुटली, तोवर मी आठवीत होतो.

गाडीतलं काही आठवत नाही. संस्थेत पहिल्या रात्री दिवा बंद केला ते आठवतं. बराकीत रात्रभर दिवा असायचा, अंधार मी पाहिलाच नव्हता. मला वाटलं माझे डोळे गेले. कुणाला हे ठाऊक नव्हतं म्हणून कुणी आधी सांगितलं नाही. मी ओरडलो, मला हट्टी ठरवलं.

संस्थेतले लोक वाईट नव्हते, हे नक्की लिहायचंय. पण आठवड्यातून एकदा भेट ही मी कधी अनुभवली नाही. गाडी नसायची, किंवा सोबत यायला माणूस नसायचं. तीन-तीन महिने जायचे. भेट झाली तर जाळीतून. शाळेत विचारलं तर मी सांगायचो, आई गावाला असते. एकदा बऱ्याच वर्षांनी गळाभेटीच्या (जाळीशिवाय, जवळ बसून भेटण्याच्या) कार्यक्रमात तिने मला मांडीवर घेतलं. मी बारा वर्षांचा होतो, मांडीवर मावत नव्हतो, आणि तिच्या अंगाचा वास मला ओळखीचा वाटला नाही. त्याचं तिला आजही कळू दिलेलं नाही.

मीनलताई, तुम्ही विचारलंत काय करता येईल. मुलासोबत आईची जुनी साडी द्या, न धुतलेली. संस्थेत सांगा की पहिले पंधरा दिवस दिवा चालू ठेवा. आणि एक कॅलेंडर द्या. आई कोणत्या दिवशी भेटणार त्यावर त्याच्याच हाताने खूण करू द्या. मग ती भेट चुकवू नका. एखाद्या वेळी चुकणारच असेल तर आदल्या दिवशी त्याला सांगा. मला कुणी सांगत नसे, मी रविवारी फाटकाशी बसायचो.

सुनंदा_निवृत्त

बाळा, दिव्याचं आमच्या कधी डोक्यात आलं नाही. तो दिवा मीच लावत होते.

मीनल_बालवाडी

नाव_नको, तुमचं लिहिणं मी छापून घेतलंय, नाव नसलेलंच. परवानगी असेल तर अधीक्षकांना वाचायला देईन.

पत्राचा मसुदा वकीलदादा करताहेत. त्यात जामीन होऊनही आत असलेल्या आयांची यादी, सहा महिने आधीपासूनची तयारी, शिपाईबाईंचं प्रशिक्षण, अटकेच्या कागदात मुलांचा रकाना, आणि परखड म्हणाले ती कोर्टातली वेगळी खोली. प्रती अधीक्षक, विधी सेवा सचिव, बालकल्याण समिती आणि प्रधान जिल्हा न्यायाधीश यांना. सोमवारी अकराला मी आणि सुनंदाताई फाटकाशी भेटतोय.

माझ्या वर्गात पुढचं मूल सहाचं होणार ती मुलगी आहे. अजून चार महिने आणि अकरा दिवस आहेत. भिंतीवरचं कॅलेंडर आत न्यायला परवानगी लागते का, सुनंदाताई? खिळा चालत नसेल तर मी पिठाच्या खळीने चिकटवीन.

नाव_नको

परवानगी आहे. वाचायला द्या.

सुनंदा_निवृत्त

कॅलेंडर चालतं. वरची पत्र्याची पट्टी आणि तारेचा हूक काढून आणा, तेवढं गेटवर अडवतात.